फडताळांतले वीर

आमच्या बैठकीच्या खोलींत पुस्तकांच्या कपाटाशेजारीं काचेच्या दाराचें एक फडताळ आहे. नवीन पाहुणा आला कीं त्याची दृष्टि प्रथम तिकडे वळते आणि ‘खेळणीं मुलांचीं वाटतें?’ हा प्रश्न ठरलेला असतो. मुलांचीं नव्हेत, आमचीं, असें सांगितल्यावर त्याच्या मुखावर जें हास्य उमटतें त्याचा आतां आम्हांस सराव झाला आहे. फडताळांत पावणेचार इंच उंचीचे, मानेपासून गुडघ्यापर्यंत सांध्यांत वळणारे ६० प्लास्टिकचे वीर आहेत. इंग्रजींत यांस ‘ॲक्शन फिगर’ म्हणतात. नाणीं, तिकिटें किंवा जुने अडकित्ते जमविणारास आपल्या समाजांत रसिक म्हणतात. हे वीर जमविणारास पोरकट म्हणतात. या निवाड्याविरुद्ध आमची तक्रार आहेच. परंतु आमच्याच पंथांतील कांहीं मंडळींशीं आमचें त्याहून मोठें भांडण आहे, आणि तें उघड करणें हाच या लेखाचा खरा हेतु होय.

प्रथम या वस्तूचें कूळ पाहूं. १९५९ सालीं अमेरिकेंत ‘बार्बी’ ही बाहुली निघाली आणि मुलींनीं ती डोक्यावर घेतली. तिचें यश पाहून हॅस्ब्रो कंपनीनें १९६४ सालीं मुलग्यांसाठीं ‘जी. आय. जो’ हा १२ इंची शिपाई बाजारांत आणला. मुलगे बाहुलीशीं खेळणार नाहींत या धास्तीनें ‘बाहुली’ हा शब्दच वर्ज्य ठरला व ‘ॲक्शन फिगर’ हें नांव घडविण्यांत आलें. मराठीस हा द्राविडी प्राणायाम करावा लागला नसता. आपल्या भाषेंत बाहुलीबरोबर बाहुलाहि आहे, आणि भातुकलींत त्याचें लग्न लावतांना मुलग्यांनाहि कमीपणा वाटत नसे.

कलेच्या दृष्टीनें खरें वळण मिळालें तें १९७७ नंतर. त्या वर्षीं ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट आला, आणि त्याचे पुतळे करण्याचा हक्क घेतलेल्या केनर कंपनीस नाताळपर्यंत ते तयार करतां आले नाहींत. तिनें पुठ्ठ्याचें रिकामें पाकीट व आंत एक हक्कपत्र विकलें. पुतळे १९७८ मध्यें टपालानें घरोघर गेले. रिकामें पाकीट घेऊन घरीं गेलेल्या त्या पालकांची आम्हांस कींव येते. परंतु पुतळ्यांची उंची पावणेचार इंच ठेवण्यांत मात्र मोठें शहाणपण होतें. एवढ्या लहान वीरास बसावयास यान देतां येतें, आणि एका फळीवर वीस-पंचवीस वीर मावतात. १२ इंची बाहुल्यास कपडे चढवावयाचे असतात. पावणेचार इंची वीरांचा प्रसंग रचावयाचा असतो. पहिल्यांत शृंगार आहे, दुसऱ्यांत नाट्य आहे. १९८२ सालीं हॅस्ब्रोनें आपला शिपाई याच उंचींत पुन्हां आणला, तेव्हां प्रत्येकाच्या वेष्टनामागें त्याचें छोटेंसें चरित्र छापलें. तीं बहुतेक लॅरी हामा या लेखकाचीं. खेळण्याच्या पुठ्ठ्यावर कोण काय लिहिणार, असें वाटेल; पण गांव, हुद्दा, एखादी तऱ्हेवाईक संवय आणि सहकाऱ्यांचें मत, एवढ्या सामग्रींत माणूस उभा करण्याची जी हातोटी हामांच्या अंगीं आहे, तिचा आमच्या कित्येक व्यक्तिचित्रकारांनीं हेवा करावा.

आपल्याकडे हे वीर आले ते गोमंतकांतून. फनस्कूल कंपनीनें १९८७ सालीं काम सुरू केलें, आणि पुढें तिच्या गोव्याच्या कारखान्यांत जी. आय. जोचे पुतळे होऊं लागले. अमेरिकेंतून निवृत्त झालेले साचे इकडे येत आणि रंग मात्र मुळाहून निराळे लागत. आतां त्या निराळ्या रंगांसाठींच परदेशचे संग्राहक ते पुतळे शोधतात. आमच्या लहानपणीं ते दिवाळीच्या किल्ल्यावर चढले. माती, विटा, गोणपाट, वर पेरलेले हळीव, शिखरावर सिंहासनाधिष्ठित महाराज, दारांत मातीचे मावळे, आणि त्यांच्या शेजारीं हा एक बंदूकधारी अमेरिकन पहारेकरी! वडील मंडळी हंसली, परंतु कोणीं त्यास उतरविलें नाहीं. गवळणीएवढा हत्ती व हत्तीहून मोठा वाघ जेथें सुखानें नांदतात, तेथें एका परक्याची अडचण ती काय? मांडणीचा पहिला धडा आम्ही तेथेंच शिकलों. पुतळा कोणाचा आहे यापेक्षां तो कोणीकडे पाहत आहे याला महत्त्व अधिक. बुरुजावरचा मावळा दरीकडे तोंड करून उभा केला तर किल्ला दिसतो. प्रेक्षकाकडे तोंड केलें कीं दुकान दिसतें.

पुष्कळ संग्रह आम्हीं पाहिले आहेत, व त्यांतील बहुतेक या कसोटीस उतरत नाहींत. सर्व वीर एका रांगेंत, हात खालीं, जणू शाळेच्या वार्षिक छायाचित्रासाठीं उभे आहेत. मग सांधे कशासाठीं दिले? मान किंचित् वळवावी, एकाचा गुडघा टेकवावा, दोघांत थोडें अंतर सोडावें, आणि उरलेले दहा पेटींत ठेवावे. हें शेवटलें सर्वांत कठीण. वगळण्याचें धैर्य नसलेला संग्राहक आणि तेंच धैर्य नसलेला कवि यांची अवस्था सारखीच.

आतां भांडणाकडे वळूं. आमच्यांतील एका वर्गास वेष्टन फोडणेंच पाप वाटतें. पुतळा पुठ्ठ्यावरच्या पारदर्शक कवचांत जसा कारखान्यांतून निघाला तसाच राहावा, त्यावर तज्ज्ञांकडून गुण मिळवावे, तो ॲक्रिलिकच्या पेटींत बंद करावा आणि भाव चढण्याची वाट पाहावी, ही त्यांची रीति. बोदलेर या फ्रेंच कवीनें १८५३ सालीं खेळण्यांवर एक निबंध लिहिला. मूल खेळणें आपटतें, फोडतें, तें त्यांतील आत्मा शोधण्यासाठीं, असें त्याचें निरीक्षण आहे. या मंडळींनीं आत्म्याचा प्रश्नच निकालांत काढला आहे! पुण्याचे दिनकर केळकर, म्हणजे कवि ‘अज्ञातवासी’, यांनीं जन्मभर अडकित्ते, दिवे, वाद्यें जमविलीं, आणि अल्पवयांत गेलेल्या आपल्या राजाच्या नांवाचा तो संग्रह १९६२ सालीं सरकारच्या हवालीं केला. तेथें फिरतांना मन भरून येतें, तें त्या वस्तूंवर कोणाच्या तरी हाताची झीज दिसते म्हणून. न वापरलेला अडकित्ता पाहावयास कोण जाईल?

तरीहि प्रतिपक्षाची एक गोष्ट मान्य केली पाहिजे. वेष्टन फाडतांना हामांचा तो मजकूर बहुधा केराच्या टोपलींत जातो. आमच्या ६० वीरांपैकीं अवघ्या अकरांचीं चरित्रें आमच्याजवळ उरलीं आहेत. त्याच मोहानें आम्हींहि एक बंद पाकीट, किंमत घरांत न सांगतां, विकत घेतलें व वरच्या फळीवर ठेविलें. पण काळास पारदर्शक कवच अडवीत नाहीं. या वीरांचें धड व पाय आंतल्या एका रबरी कडीनें जोडलेले असतात, आणि रबर वयानें चिरतें. गेल्या पावसाळ्यांत एके सकाळीं पाहतों, तों बंद पाकिटांतला वीर कमरेंत दुभंगला असून त्याचे पाय कवचाच्या तळाशीं पडले आहेत. नवी कडी नळाच्या सामानाच्या दुकानांत अगदीं स्वस्तांत मिळते; ती आमच्या भाच्यानें आणूनहि ठेविली आहे. विक्रेत्याचा सल्ला असा कीं उघडूं नका, दुभंगलेला असला तरी बंद आहे तोंवर त्यास भाव आहे. वरील सर्व लिहून झाल्यावर कात्री हातांत घेण्यास आम्हांस कांहींच प्रत्यवाय नसावा. पण ती तेव्हांपासून टेबलावर पडून आहे, आणि भाचा शाळेंतून आला कीं दारांतूनच विचारतो, “मामा, आज?”