क्षेपक की साधन? : एका विनंती-थांब्याचे परीक्षण

जुन्या पोथीत मागाहून कोणी चार ओळी घातल्या, तर त्यांस आपण क्षेपक म्हणतो आणि संशोधित आवृत्ती सिद्ध करताना त्या मूळ संहितेतून वेगळ्या काढतो. जतन केलेल्या लोहमार्गासही हाच न्याय लावावा काय, असा प्रश्न वेल्स प्रांतातील फेस्टिनिऑग या अरुंद मापाच्या रेल्वेवरील एका चिमुकल्या थांब्यामुळे आमच्या मनात उद्भवला. थांब्याचे नाव कॅम्पबेल्स प्लॅटफॉर्म.

प्रथम मूळ संहिता पाहू. या रेल्वेचा कायदा १८३२ सालचा असून मार्ग १८३६ साली सुरू झाला. रुळांतील अंतर दोन फुटांहून किंचित कमी. डोंगरातील खाणींचा पाटीचा दगड पोर्थमॅडॉग बंदरी पोचविणे एवढेच तिचे प्रयोजन होते. भरलेले डबे उताराच्या जोरावर आपोआप खाली येत; रिकामे डबे घोडे वर ओढून नेत आणि उतरताना ते घोडेही डब्यात बसून येत. १८६३ साली वाफेची इंजिने आली व १८६५ साली उतारूंची ने-आण अधिकृतपणे सुरू झाली. पुढे १९३९ साली उतारू व १९४६ साली माल, अशा दोन्ही वाहतुकी बंद पडल्या. १९५५ पासून हौशी स्वयंसेवकांनी हा मार्ग टप्प्याटप्प्याने पुन्हा चालता केला.

या संहितेत आमचा थांबा कोठेच नाही. कर्नल अँड्र्यू कॅम्पबेल या कायदेपंडित गृहस्थांनी मार्गालगतचा प्लास दिआल्ट हा जुना वाडा घेतला. तेथे धड रस्ता जात नसल्यामुळे १९६० नंतरच्या दशकात वाड्यासाठी हा खाजगी फलाट झाला. कर्नलसाहेब पदरी एक लहान डिझेल इंजिनही बाळगून होते. येथे गाडी नेमाने थांबावयाची नाही; वाड्याकडील कोणी चढणारा वा उतरणारा असेल तरच थांबावयाची. आपल्याकडील एस. टी.च्या विनंती-थांब्याचीच ही रीत.

यावर शुद्धतावाद्यांचा आक्षेप उघड आहे. पाटीचा दगड वाहणारी गाडी कोणा गृहस्थाच्या दारी थांबत नसे. सबब हा फलाट प्राचीन मार्गावरील ठिगळ होय. हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. जतन केलेल्या वास्तूत नवे जुन्याच्या वेषात मिसळले, तर पाहणारा फसतो. आणि दोन पिढ्यांनंतर तीच फसवणूक पुरावा म्हणून पुढे येते. बनावट सनदांनी इतिहासाचे केवढे नुकसान केले आहे, हे या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगणे नको.

तथापि थांब्यापलीकडे थोडे वर गेले की दुसरी बाजू दिसते. टान-अ-ग्रिशाय येथील विद्युत्‌योजनेच्या जलाशयात जुन्या मार्गाचा काही भाग गेला व जुना बोगदा निरुपयोगी झाला. तेव्हा १९६५ पासून स्वयंसेवकांनी कुदळी-फावडी हाती घेऊन नवा वळणमार्ग काढला. दिआल्टपाशी रूळ स्वतःवरूनच वेढा घेऊन उंची गाठतात. पुढे नवा बोगदा आहे. १९७८ साली नवा मार्ग जलाशयापलीकडे पोचला व १९८२ साली गाडी पुन्हा ब्लाइनाय फेस्टिनिऑग या शेवटच्या स्थानकी गेली. या कामी खडक फोडण्यास सुरुंग लागत. ते उडविण्याचा परवाना कॅम्पबेल यांच्याजवळ होता व त्यांनी त्याचे साहाय्य दिले. म्हणजे हा फलाट आणि वळणमार्ग ही एकाच अध्यायाची दोन पाने ठरतात. फलाट क्षेपक म्हणून काढावयाचा, तर वळणमार्गही काढावा लागेल. आणि तो काढला तर मार्गच उरत नाही.

आमच्या मते क्षेपकाचा दोष त्याच्या उत्तरकालीनत्वात नाही. काळ व कर्ता लपविण्यात आहे. घटनेनंतर शंभर वर्षांनी लिहिलेली बखरही, तिचा काळ ठाऊक असला, तर आपण साधन म्हणून वापरतोच. प्रस्तुत फलाट आपल्या कर्त्याचे नाव उघडपणे मिरवितो, हा त्याचा मोठा गुण. मात्र नावावरून कर्ता कळतो, काळ कळत नाही. आणि काळावाचून साक्ष अर्धीच राहते.

ही कसोटी घरी लावून पाहणे इष्ट होईल. आदमजी पीरभॉय यांच्या द्रव्यबळाने १९०७ साली सुरू झालेली दोन फुटी नेरळ-माथेरान रेल्वे २००५ च्या अतिवृष्टीने उद्ध्वस्त झाली व २००७ साली पुन्हा सुरू झाली. २०१९ च्या पावसाने ती परत खंडित झाली व २०२२ च्या ऑक्टोबरात नेरळपासून पूर्ववत झाली. हे मधले पर्व संस्थापकाच्या गौरवाइतकेच इतिहासाचे अंग होय. वाहून गेलेला बांध पुन्हा घालणाऱ्या हातांचे श्रम १९०७ च्या नावावर जमा करणे हा त्यांच्यावर अन्यायच. यास्तव जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज या लहान स्थानकांवर मूळचे काय व मागाहून घातलेले काय, हे सालवार लिहिले जावे, अशी आमची सूचना आहे. खर्च एका पाटीचा. पण तिच्या अभावी उद्याच्या संशोधकास दुरुस्ती आणि मूळ यांतील भेद करणे दुर्घट होईल.