'हेलियम संपत आलंय' या वाक्याची तपासणी

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या प्रस्तावाच्या सादरीकरणात दुसऱ्याच स्लाइडवर एक वाक्य होतं: 'जगातलं हेलियम संपत आलं आहे आणि तरीही ते एअरशिपमध्ये भरून उडवलं जात आहे.' समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, "संपत आलंय म्हणजे नेमकं काय? जमिनीखाली उरलं नाही, बाजारात मिळत नाही, की तुमच्या लॅबला परवडत नाही?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्हीही लवकरच प्रस्ताव लिहायला बसणार आहात. म्हणून आज माझ्याच वाक्याची चिरफाड करू.

आधी माझा स्वार्थ सांगून टाकते. मी अतिशीत तापमानावर प्रयोग करते, आणि आमचा क्रायोस्टॅट द्रव हेलियमवर चालतो. मध्यंतरी भाव चढले तेव्हा माझे प्रयोग दोन महिने बंद होते. म्हणजे एअरशिपवर राग काढायला मी तयारच बसले होते. असं असलं की आकडे तपासायचा कंटाळा येतो, हे लक्षात ठेवा.

पहिला प्रश्न: किती?

१५ अंश सेल्सियसला समुद्रसपाटीवर एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२२ किलो, आणि तेवढ्याच हेलियमचं ०.१७ किलो. म्हणजे एक घनमीटर हेलियम ढोबळमानाने १ किलो उचलतं. एवढं एक गणित हाताशी असलं की कुठल्याही कंपनीची जाहिरात तपासता येते.

ब्रिटनच्या एअरलँडर १० मध्ये सुमारे ३८,००० घनमीटर हेलियम मावतं. फ्रान्समधल्या फ्लाइंग व्हेल्सच्या आराखड्यात ६० टन माल उचलायला १,८०,००० घनमीटर लागतं. म्हणजे एकूण उचल १८० टनांच्या आसपास, त्यातली दोन तृतीयांश स्वतःचंच वजन पेलण्यात जाते.

आता जगाचं उत्पादन घ्या: वर्षाला साधारण १७ कोटी घनमीटर. एक एअरलँडर म्हणजे त्याचा ०.०२ टक्के. रुग्णालयातल्या नेहमीच्या एमआरआय यंत्रात दीड-दोन हजार लिटर द्रव हेलियम असतं, त्याचा वायू केला तर हजार ते दीड हजार घनमीटर होतो. म्हणजे एक एअरलँडर म्हणजे पंचवीस-तीस एमआरआय. 'एअरशिपमुळे हेलियम संपतंय' असं म्हणावं इतकं हे नक्कीच नाही. पण फ्लाइंग व्हेल्सच्या आकाराची शंभर जहाजं आली तर? १ कोटी ८० लाख घनमीटर. वर्षाच्या उत्पादनाच्या दहा टक्क्यांहून जास्त. हे मात्र बाजाराला जाणवेल.

दुसरा प्रश्न: साठा की प्रवाह?

इथे माझी सगळ्यात मोठी चूक होती. वरचा शंभर जहाजांचा आकडा एकदाच भरायचा आहे, उत्पादन मात्र दरवर्षीचं आहे. दोघांची तुलना म्हणजे घर बांधायच्या खर्चाची महिन्याच्या पगाराशी तुलना. एअरशिप हेलियम जाळत नाही, धरून ठेवते. समजा वर्षाला दहा टक्के गळलं (हे मी गृहीत धरलेलं आहे, मोजलेलं नाही), तर शंभर जहाजांना वर्षाकाठी १८ लाख घनमीटर लागेल, म्हणजे उत्पादनाचा एक टक्का.

एअरशिपवाले हेच सांगतात, आणि इथपर्यंत ते बरोबर आहेत. पण ते फक्त गळती धरतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये एअरलँडर बांधून ठेवलेल्या खांबापासून सुटलं. सुरक्षा यंत्रणेने ठरल्याप्रमाणे आवरण फाडलं आणि हेलियम हवेत गेलं.

दुसरी अडचण रोजची आहे. ६० टन माल उतरवला की जहाज ६० टनांनी हलकं होतं. मग तेवढंच पाणी किंवा वाळू चढवा, नाहीतर वायू सोडा. इंधन जळतं तसंही वजन घटतं. १९३० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या अॅक्रन आणि मेकनवर इंजिनाच्या धुरातली वाफ थंड करून पाणी साठवायची यंत्रं होती, ती हेलियम सोडावं लागू नये म्हणूनच. हायड्रोजनवर उडणारे जर्मन सरळ वायू सोडून मोकळे व्हायचे. तेव्हा जहाजाचा प्रस्ताव वाचताना 'माल उतरवल्यावर काय?' हे पान शोधा. ते नसेल तर हेलियमचा हिशेब अपुरा आहे.

तिसरा प्रश्न: कमी आहे ते कुणामुळे?

हेलियम जमिनीखाली युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सारातून तयार होतं आणि नैसर्गिक वायूसोबत बाहेर येतं. वेगळं काढलं नाही तर हवेत जातं, आणि तिथून परत मिळवणं परवडत नाही. बहुतेक पुरवठा अमेरिका आणि कतारमधून होतो. म्हणून जून २०१७ मध्ये शेजाऱ्यांनी कतारची नाकेबंदी केली तेव्हा तिथले हेलियम प्रकल्प काही काळ बंद पडले. रशियातल्या अमूर प्रकल्पाला ऑक्टोबर २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये अपघात झाले आणि येणारा पुरवठा लांबला. अमेरिकेने १९९६ च्या कायद्याने आपला सरकारी साठा विकायला काढला, २०२४ मध्ये तो खासगी कंपनीकडे गेला. उलट २०१६ मध्ये टांझानियात नवा साठा सापडला. यातलं काहीही 'पृथ्वीवरचं हेलियम संपलं' असं सांगत नाही. थोड्याच ठिकाणांवर सगळं अवलंबून आहे, एवढंच सांगतं.

हे नवंही नाही. हिंडेनबर्ग मुळात हेलियमसाठी आखलं होतं, पण अमेरिकेच्या निर्यातबंदीमुळे त्यात हायड्रोजन भरला. ६ मे १९३७ ला लेकहर्स्टला ते जळालं, ३६ माणसं गेली. हेलियम तेव्हाही जमिनीखाली भरपूर होतं.

आणि एअरशिप बुडण्याचं कारण दरवेळी वायूच असतं असंही नाही. जर्मनीच्या कार्गोलिफ्टरला १६० टन उचलणारं, साडेपाच लाख घनमीटरचं जहाज बांधायचं होतं. २००२ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं, जहाज बांधलंच गेलं नाही. हेलियम आडवं आलं नाही, पैसा आडवा आला. तो अवाढव्य हँगर आज ट्रॉपिकल आयलंड्स नावाचं जलक्रीडा केंद्र आहे.

आता एक घरचं उदाहरण. हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, लॉकियरसाहेबाने तिथून ग्रहण पाहिलं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. १८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण जान्सेनने पाहिलं ते गुंटूरहून. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता आणि त्याने ती पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, तिथूनच पाहिली. ऐकून आवडतं म्हणून आपण विचारत नाही. माझं स्लाइडवरचं वाक्य त्याच जातीचं होतं.

मग एअरशिप हवी की नको? माझं मत: दहा-वीस जहाजांना हेलियमच्या नावाने विरोध करणं चुकीचं आहे. शेकडो जहाजांची स्वप्नं दाखवणाऱ्यांनी मात्र पहिली भरती, अपघात आणि माल उतरवल्यावरचा तोल, या तिन्हींचा हिशेब वेगवेगळा द्यायला हवा. हायड्रोजनकडे वळायचं तर 'जास्त उचलतो' हे कारण चालणार नाही, फरक जेमतेम आठ टक्क्यांचा आहे. खरं कारण किंमत आणि उपलब्धता, तेच लिहा.

माझं वाक्य आता असं आहे: 'हेलियमचा पुरवठा मोजक्या देशांवर अवलंबून असल्याने प्रयोगशाळांना वारंवार टंचाई भासते, म्हणून वापरलेला वायू परत गोळा करणारी यंत्रणा या प्रस्तावात मागितली आहे.' एअरशिप त्यात नाही. सरांनी ते वाचून फक्त मान हलवली आणि पुढच्या स्लाइडवर जायला सांगितलं.

तुमच्या प्रस्तावाचं पहिलं पान काढा. 'संपत आलंय', 'झपाट्याने वाढतंय' असं एक तरी वाक्य सापडेलच. त्याला हे तीन प्रश्न विचारा, समितीने विचारायच्या आधी.