अत्तराची पारख

संगीत, नाट्य, चित्र आणि काव्य या कलांची चर्चा आपल्याकडे नित्य चाललेली असते; परंतु ज्या कलेचा आस्वाद लग्नमंडपाच्या दारातच लहानथोरांस हातावर मिळतो, त्या अत्तराच्या कलेविषयी टीकाकाराने दोन शब्द लिहिल्याचे आमच्या फारसे पाहण्यात नाही. अत्तर चांगले की वाईट, हा प्रश्न 'ज्याची त्याची आवड' एवढ्या उत्तराने निकालात काढण्यात येतो. दुकानात काचेचे बूच नाकाशी न्यावे, 'वा!' म्हणावे किंवा नाक मुरडावे, आणि पुढचा सौदा 'किती वेळ टिकते?' व 'काय भाव?' या दोन प्रश्नांवर उरकावा, एवढीच आपली पारख. ही रीत सदोष आहे, आणि तिच्यामुळे एका जुन्या विद्येची हानी होत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा विषय टीकेच्या योग्यतेचा नाही असे कोणी म्हणेल, तर त्यास पूर्वजांची साक्ष पुरेशी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीस स्वतंत्र अध्याय दिला, आणि सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली असता १८२० मिश्रणे होतात, असा हिशेबही मांडला. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने 'मानसोल्लासा'त राजाच्या उपभोगांमध्ये विलेपन व धूप यांना मानाचे स्थान दिले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी 'गंधवाद' नावाच्या संस्कृत ग्रंथाची एक दुर्मिळ पोथी १९४५ साली विद्वानांच्या नजरेस आणली. त्या ग्रंथावर मराठी टीका आहे, आणि तिचा काळ गोडे यांनी १३५० ते १५५० च्या दरम्यान धरला आहे. म्हणजे सुगंधाविषयी मराठीत विचारपूर्वक लिहिण्याची परंपरा निदान पावणेपाचशे वर्षांची आहे. ती खंडित झाली, यात दोष विषयाचा नव्हे, आमचा.

अत्तराची परीक्षा करावयाची, तर ते होते कसे हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. उत्तर प्रदेशातील कनोज येथे आजही जुन्या पद्धतीने अत्तर काढतात. तांब्याच्या मोठ्या डेगेत फुले व पाणी घालून तिचे तोंड मातीने लिंपतात आणि खाली सरपण पेटवितात. वाफ बांबूच्या नळीतून 'भपका' नावाच्या भांड्यात उतरते. हा भपका पाण्याच्या हौदात बुडविलेला असतो, आणि त्यात आधीपासून चंदनाचे तेल असते. वाफ निवून पाणी होते, गंध चंदनात मुरतो; पाणी काढून पुन्हा डेगेत घालतात, नवी फुले येतात, आणि हा क्रम अनेक दिवस चालतो. विस्तव किती ठेवावा आणि भपका केव्हा बदलावा, हे कारागीर हाताने चाचपून व कानाने ऐकून ठरवितो. या जिनसास २०१४ साली भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले.

या कृतीत एक मर्म आहे. पाश्चात्त्य सुगंधशास्त्रात आरंभीचा, मधला आणि अखेरचा गंध अशा तीन पायऱ्या सांगतात, आणि हल्ली तीच परिभाषा अत्तरासही लावण्याची प्रथा पडली आहे. मद्यार्कात कालविलेल्या सुगंधास ती शोभते. कारण मद्यार्क झपाट्याने उडतो व जाताना हलकी द्रव्ये वर उचलून नेतो. अत्तरात मद्यार्क नाही, आणि चंदन तर सर्वांच्या आधी भपक्यात जाऊन बसलेले. फूल त्याच्यावर रचलेले नसून त्याच्यात विरलेले असते. म्हणून अत्तरात बदल होतो तो पायरीपायरीने नव्हे. उजाडता उजाडता दिव्याचा उजेड फिका पडत जावा, तसा फुलाचा गंध मागे सरतो आणि चंदन पुढे येते.

आता हा बदल अंगावर का घडतो ते पाहू. प्रत्येक गंधद्रव्याच्या उडून जाण्याची गती निराळी असते. हलकी द्रव्ये काही मिनिटांत जातात. चंदनातील सँटालॉलसारखी जड द्रव्ये तासन् तास रेंगाळतात, आणि जाताना सोबतच्या फुलांच्या द्रव्यांसही थोपवून धरतात. मनगटाच्या कातडीची उष्णता साधारणतः ३२ ते ३४ अंश सेल्सियस असते. म्हणजे अत्तर लावणे हे एका अर्थी त्यास मंद आचेवर ठेवणेच होय. शिवाय कातडीवर स्वतःचा स्निग्धांश असतो, घाम असतो, आणि त्या त्या माणसाचा मूळ गंधही असतो. अत्तराचा काही भाग या स्निग्धांशात मिसळतो, काही वरच्या थरात शोषला जातो, उरलेला हवेत जातो. कागदाच्या पट्टीवर यांतले काहीच नाही: ती थंड, कोरडी आणि निर्गंध. बुचावर तर अत्तर श्वास घेण्यापूर्वीच आपण त्याचा निकाल देतो. ग्रंथाची प्रस्तावनाही न वाचता केवळ वेष्टन पाहून अभिप्राय देणाऱ्यास आपण टीकाकार म्हणणार नाही. अत्तराच्या बाबतीत मात्र आपण नित्य तेच करतो.

तीन अत्तरांची उदाहरणे घेऊन आमचे म्हणणे अधिक स्पष्ट करू.

पहिले गुलाबाचे. याचा आरंभ सर्वांत मोहक, आणि म्हणूनच सर्वांत फसवा. बुचावर येतो तो ताज्या पाकळीचा गोडवा; अंगावर पाच-दहा मिनिटांत त्यात मधाची व किंचित शिजलेल्या पाकळीची छटा येते. नवख्यास ती दोष वाटते. परंतु डेगेत फुले खरोखर शिजलेली आहेत, याची ती खूण आहे. पुढे तासाभरात गुलाब मागे सरतो आणि चंदनाचा दुधाळ, शांत गंध वर येतो. त्यात गुलाबाची लाली तेवढी राहते. उत्तम गुलाबाची परीक्षा या दुसऱ्या तासात आहे. जे अत्तर पहिल्या मिनिटास होते तसेच सहाव्या तासासही राहते, त्याविषयी जाणत्याने शंका घ्यावी; कारण फूल असे वागत नाही.

दुसरे मातीचे अत्तर. तळ्याची वाळलेली माती भाजून, तिचे तुकडे डेगेत घालून हे काढतात. तापलेल्या भुईवर पहिला पाऊस पडताच येणाऱ्या वासास १९६४ साली बेअर व थॉमस या शास्त्रज्ञांनी 'पेट्रिकोर' असे नाव दिले. कनोजच्या कारागिरांनी त्याच्या कितीतरी आधी तो वास कुपीत भरून ठेवला होता. अंगावर या अत्तराचा प्रवास गुलाबाच्या नेमका उलट वाटतो. आरंभी ओली, गार, जवळजवळ कडवट माती. मग अंगाच्या उष्णतेने ती जणू वाळू लागते, आणि अखेर कोरड्या धुळीचा एक मंद दरवळ चंदनावर उरतो. पहिल्या सरीपासून पुन्हा ऊन पडेपर्यंतचा काळ ज्यात सामावला आहे, असे दुसरे अत्तर आम्हांस ठाऊक नाही. पण हे सारे अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे, आणि बूच हुंगून पुढे जाणाऱ्या गिऱ्हाइकास त्यातला फक्त चिखल कळतो.

तिसरे हिना किंवा शमामा. यात एक फूल नायक नाही. दगडफूल, नागरमोथा, जटामांसी, कापूरकाचरी, लवंग, वेलदोडा, जायपत्री अशी कितीतरी द्रव्ये एकत्र नांदतात. यांतील निम्मी मंडळी आपल्या घरातलीच आहेत. दगडफूल गोड्या मसाल्यात असते, नागरमोथा व कापूरकाचरी दिवाळीच्या उटण्यात. तरीही बुचावर हे अत्तर औषधी, उग्र आणि कोंदट वाटते, व तरुण मंडळी 'आजोबांचा वास' म्हणून ते बाजूस सारतात. अंगावर मात्र लवंग-वेलदोड्याचा तिखटपणा अर्ध्या तासात ओसरतो, मुळांचा मातकट गंध गोडावतो, आणि थंडीच्या दिवसांत शालीखाली त्याची ऊब लागते. ज्या अत्तराचा आरंभ सर्वांत नावडता, त्याचीच अखेर सर्वांत समृद्ध, असा हा प्रकार आहे. उन्हाळ्यात वाळा आणि हिवाळ्यात हिना, ही जुन्या लोकांची वाटणी लहरीखातर नव्हती. उष्ण अंगावर कोणता गंध कसा उलगडतो, याच्या दीर्घ अनुभवातून ती आली होती.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. प्रत्येकाचे अंग निराळे, म्हणून प्रत्येकावर अत्तरही निराळे. मग त्याची सर्वमान्य टीका होणार तरी कशी? या म्हणण्यात निम्मे सत्य आहे. रुक्ष कातडीवर अत्तर लवकर विरते, स्निग्ध कातडीवर अधिक राहते; उष्ण व घामट अंगावर आरंभ भरकन संपतो. परंतु एकाच्या मनगटावर गुलाब असलेले दुसऱ्याच्या मनगटावर केवडा होत नाही. बदलते ती बहुधा गती आणि प्रमाण. द्रव्ये तीच असतात व त्यांचा जाण्याचा क्रमही बव्हंशी तोच असतो. एकच चीज दोन गवयांच्या गळ्यांतून निराळी उमटते, म्हणून चीज चांगली की वाईट हे ठरविता येत नाही, असे कोणी म्हणत नाही. टीकाकाराने आपले अंग, ऋतू आणि वेळ सांगून मग अभिप्राय द्यावा, म्हणजे झाले. मनगटे एकमेकांवर घासल्याने गंध 'मोडतो' ही समजूतही अशीच अर्धवट: मोडत काही नाही; घर्षणाने व पसरल्याने आरंभाची हलकी द्रव्ये अधिक लवकर उडतात, इतकेच.

अंगाहूनही मोठा भेद नाकाचा आहे. मनुष्याच्या नाकात गंध ओळखणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक असतात, आणि ते सर्वांचे सारखे नसतात. बीटा-आयोनोन नावाच्या एका द्रव्याविषयी २०१३ साली असे सिद्ध झाले की, एका जनुकातील भेदामुळे काहींना त्यात फुलाचा सुवास येतो, तर काहींना आंबट, शिरक्यासारखा वास येतो. दुसरी गोष्ट नाकाच्या थकव्याची. सतत एकच गंध येत राहिला की नाक त्याची दखल घेणे सोडते. आपण 'अत्तर उडाले' म्हणून पुन्हा कुपी उघडतो, आणि शेजारी बसलेल्याचे डोके दुखू लागते! तेव्हा 'टिकत नाही' ही तक्रार करण्यापूर्वी घरातल्या दुसऱ्या माणसास विचारावे, हे बरे.

आणि टिकण्याचाच हा जो ध्यास, तो या कलेच्या मुळावर आला आहे. चंदन दुर्मिळ व महाग झाले. १७९२ साली टिपू सुलतानाने त्यास राजवृक्ष ठरविले, आणि पुढेही कितीतरी काळ त्यावर सरकारचाच हक्क राहिला. कर्नाटकात तो निर्बंध २००१ साली कायदा बदलून शिथिल झाला. दरम्यान बाजारातील कितीतरी कुप्यांत चंदनाच्या जागी बिनवासाची, स्वस्त रासायनिक तेले येऊन बसली. त्यांवर कृत्रिम गंधाचे चार थेंब घातले की बुचावर गुलाब खऱ्या गुलाबाहून मोठ्याने बोलतो, आणि कपड्यावर दोन दिवस हटत नाही. अंगावर मात्र त्यास वाढ नाही, उतार नाही, अखेर नाही. फूल सरले की खाली जमीनच नसते. कृत्रिम तेवढे वाईट, असा आमचा सिद्धांत नाही. प्रयोगशाळेतील द्रव्यांनीही उत्तम सुगंध रचले गेले आहेत. आमचा आक्षेप खोट्या नावास आहे, आणि त्याहून अधिक, ते खोटे पकडण्याची शक्ती घालवून बसलेल्या आपल्या रुचीस आहे. गिऱ्हाईक पहिल्या क्षणावर निकाल देते, म्हणून विकणारा पहिल्या क्षणापुरतेच अत्तर बनवितो. चंदनात पंधरा दिवस फुले मुरविणाऱ्या कारागिराचे सारे श्रम दुसऱ्या तासात दिसावयाचे. तो दुसरा तास पाहण्यास कोणी थांबतच नसेल, तर त्याने डेग पेटवावी कोणासाठी?

म्हणून वाचकांस आमची विनंती एवढीच की, अत्तर घेताना घाई करू नये. एका वेळी एकच, फार तर दोन मनगटांवर दोन अत्तरे लावावीत. आरंभी, अर्ध्या तासाने, दोन तासांनी आणि निजण्यापूर्वी हुंगून पाहावे, आणि सौदा दुसऱ्या दिवशी करावा. आरंभ गोड आहे का, हा प्रश्न गौण. आरंभापासून अखेरीपर्यंत गंध कोठून कोठे गेला, वाटेत त्याने आपले नाव खरे केले का, आणि सरताना मागे काही ठेवून गेला का, हे तीन प्रश्न मुख्य. चांगले अत्तर मोठ्याने बोलत नाही. ते जवळ येणाऱ्यासच कळते, आणि जाते तेव्हाही सावकाश जाते. या कसोटीस उतरणारी कुपी महाग पडली तरी थेंबभर पुरते. न उतरणारी स्वस्तात मिळाली, तरी ती अत्तर म्हणून घेऊ नये.