चाकांच्या खुर्चीवरील खेळाडूचें चरित्र

खेळाडूचें चरित्र लिहावयास बसलेला आपला लेखक बहुधा खेळ सोडून बाकी सर्व कांहीं लिहितो. गरिबी, आईची माया, गांवकऱ्यांची चेष्टा, अपघात, अश्रू आणि शेवटीं हारतुरे, इतकें झालें कीं चरित्र पुरें झालें असें त्यास वाटतें. नायक अपंग असला म्हणजे तर विचारावयासच नको. कबीर खान यांनीं दिग्दर्शित केलेला 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी बोलपट १४ जून २०२४ रोजीं प्रदर्शित झाला. त्याचा विचार या दृष्टीनें करण्याजोगा आहे. कारण ज्यांच्या आयुष्यावर तो आधारलेला आहे ते मुरलीकांत पेटकर आपल्याच मुलखांतले, आणि त्यांचें उत्तरायुष्य पुण्याच्याच परिसरांत गेलेलें.

पेटकर मूळचे सांगली जिल्ह्यांतील इस्लामपूरच्या बाजूचे. लष्कराच्या ई. एम. ई. या यंत्रकारांच्या दलांत ते नोकरीस होते व मुष्टियोद्धे म्हणून नांवाजले होते. १९६५ च्या भारत-पाक युद्धांत त्यांस गोळ्या लागल्या, आणि कमरेखालील शरीर निकामी झालें. १९६८ सालीं तेल अवीव येथील पॅरालिंपिक स्पर्धेंत ते टेबल टेनिस खेळले. १९७० सालीं एडिंबरा येथें, राष्ट्रकुलांतील अशाच खेळाडूंच्या स्पर्धेंत, पन्नास मीटर पोहण्याचें सुवर्णपदक त्यांनीं मिळवलें. आणि १९७२ च्या ऑगस्टांत जर्मनींतील हायडेलबर्ग येथें तेंच अंतर ३७.३३ सेकंदांत कापून आपल्या वर्गांत विश्वविक्रम केला. पॅरालिंपिकमधील भारताचें हें पहिलें सुवर्णपदक. 'पद्मश्री' मिळाली २०१८ सालीं. जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्यें, म्हणजे बोलपट आधीं आणि पुरस्कार मागाहून!

बोलपटाचा घाट असा: वृद्ध मुरलीकांत पोलीस ठाण्यांत तक्रार घेऊन येतात, अर्जुन पुरस्कार आपणांस कां मिळाला नाहीं हा त्यांचा सवाल, आणि त्या तक्रारीच्या ओघांत सर्व आयुष्य उलगडतें. प्रेक्षकास धरून ठेवण्याची युक्ति म्हणून ही चांगली आहे. कार्तिक आर्यन यांनीं अंगमेहनत मनापासून घेतली आहे, आणि विजय राझ यांचा करडा उस्ताद टायगर अली तर प्रत्येक प्रवेशांत भाव खाऊन जातो. बोलपट निघाला नसता तर पेटकर हें नांव आज किती घरीं पोंचलें असतें, असें कोणी विचारलें तर त्यास आमच्यापाशीं उत्तर नाहीं. तें श्रेय निर्मात्यांचेंच. पण या घाटानें एक केलें: आयुष्याचा अर्ज झाला. जें जें दाखवलें तें 'पाहा, हा माणूस पुरस्कारास पात्र आहे' या एका मुद्द्याचा पुरावा म्हणून दाखवलें गेलें. पुराव्यास आंकडे व जखमा पुरतात. कौशल्य दाखवावें लागत नाहीं.

आणि कौशल्य तर विलक्षण आहे. ज्याच्या पायांत बळ नाहीं त्यास पाण्यांत पाय हें केवळ ओझें असतें. ते खालीं बुडतात, शरीर तिरपें होतें आणि पाणी छातीवर आडवें येतें. पाय हलवून तोल सांवरण्याची सोय नाहीं. तो तोल मान, खांदे आणि हातांची फेंक यांनींच राखावा लागतो. श्वासासाठीं डोकें गरजेपेक्षां अधिक उचललें कीं पाय आणखी खालीं. मुष्टियोद्ध्याचे खांदे पोहणाऱ्याचे खांदे कसे झाले, ठोसा देणारा हात पाणी ओढावयास कसा शिकला, हा खरा नाट्यविषय होता. बोलपटांत कुस्ती, मुष्टियुद्ध व रणभूमी यांना मुबलक जागा आहे; पाण्यांतील शिक्षणास त्या मानानें थोडी. ३७.३३ सेकंद हा आंकडा आम्हांस ठाऊक होतो, पण त्यांतला एक सेकंद कोठून वाचला हें शेवटपर्यंत कळत नाहीं.

हा दोष एका बोलपटापुरता असता तर त्यावर इतकी शाई खर्चण्याचें कारण नव्हतें. पण शिरूर किंवा दौंड तालुक्यांतील एखाद्या मुलाच्या बाजूनें पाहावें. उसाच्या ट्रॉलीवरून वा झाडावरून पडून त्याचे पाय गेले आहेत, आणि हा बोलपट त्यानें फोनवर पाहिला आहे. त्यास काय कळलें? कीं एकट्यानें झुंजावें आणि मग जगानें दखल घ्यावी. पोहणाऱ्यास हें थोडेंबहुत लागूही पडेल. परंतु त्या मुलाचा ओढा चाकांच्या खुर्चीवरील बास्केटबॉलकडे असला तर ही शिकवण त्यास उलट आडवी येईल. कारण या खेळाच्या नियमांनींच एकट्या वीरास दार बंद केलें आहे.

हा नियम वाचकांनीं नीट पाहावा. प्रत्येक खेळाडूस त्याच्या शरीरांतील शिल्लक शक्तीप्रमाणें १.० पासून ४.५ पर्यंत अंक दिलेला असतो. ज्याचें धडही ताब्यांत नाहीं त्यास १.०, आणि ज्याचें व्यंग थोडें त्यास ४.५. मैदानावरील पांच जणांची बेरीज १४ च्या वर जाऊं द्यावयाची नाहीं. म्हणजे पांचही धडधाकट धडाचे गडी उतरवतां येत नाहींत. अधिक व्यंग असलेल्यास संघांत घ्यावेंच लागतें, आणि तें दयेनें नव्हे, गणितानें. टोपली मात्र उभ्या खेळाडूंच्याच उंचीवर, ३.०५ मीटर. चाक ढकलावयाचे आणि चेंडू खेळवावयाचे हात तेच. चेंडू मांडीवर ठेवून दोनदांच चाक ढकलतां येतें, मग चेंडू जमिनीवर आपटावाच लागतो. शिवाय खुर्ची बाजूस सरकत नाहीं. समोर प्रतिस्पर्ध्याची खुर्ची आडवी आली तर मागें घेऊन, वळून, फेरी घालून जावें लागतें. एक अंकाचा गडी आपली खुर्ची नेमकी अशी आडवी घालतो, आणि त्या दोन क्षणांत साडेचार अंकांचा गडी टोपलीखालीं पोंचतो. टाळ्या दुसऱ्यास मिळतात. जाणता प्रेक्षक पहिल्याकडे पाहत असतो.

या खेळाचा उगमही इस्पितळांत आहे, आणि तोही युद्धामुळें. दुसऱ्या महायुद्धांत जायबंदी झालेले अमेरिकन सैनिक १९४६ पासून तो खेळूं लागले. इंग्लंडांत स्टोक मँडेव्हिल येथें डॉ. लुडविग गुटमन यांनीं खेळ हाच उपचार मानला, आणि २९ जुलै १९४८ रोजीं, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशीं, १६ जायबंदी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. १९६० सालीं रोम येथें बास्केटबॉल पहिल्याच पॅरालिंपिकमध्यें होता. आपल्याकडे पुण्याजवळ खडकी येथें कण्याच्या दुखापतीनें खिळलेल्या सैनिकांसाठीं १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. लष्कराच्या छत्राखालीं खुर्ची, फरशी व सवंगडी एका आवारांत मिळतात. पेटकरांमागेंही तेंच लष्कर होतें, आणि त्यांस परदेशीं पाठविण्यांत क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेचा हात होता. त्यांचें यशही वाटतें तितकें एकाकी नव्हतें.

ज्यास लष्कर नाहीं, त्या मुलाचें काय? खेळाची खुर्ची इस्पितळांतल्या खुर्चीहून निराळी: चाकें वर आंत झुकलेलीं, मागें उलटूं नये म्हणून लहान चाक, कमरेस पट्टा. ती मिळाली तरी आपल्या शाळांच्या मुरमाच्या पटांगणावर ती रुतते. तिला सपाट, टणक जमीन पाहिजे. सरावास दहा गडी पाहिजेत. एका गांवांत दहा मिळणार नाहींत. शिरूरचे दौंडास किंवा दौंडचे शिरूरास आले पाहिजेत. शिरूरला रेल्वे नाहीं, मध्यें भीमा, आणि एस.टी.च्या पायऱ्या चढवून देणारे दोन हात रोज कोठून आणावयाचे? ज्याला लेखक 'संघर्ष' म्हणतो तो आमच्या मतें बव्हंशीं हाच आहे, आणि तो फरशी व पायरी यांच्या रूपानें मोजतां येतो. चरित्रकारानें तो मोजावा. कांहीं वर्षांपूर्वीं 'अपंग' हा शब्द जाऊन 'दिव्यांग' हा शब्द आला. शब्द बदलला, पायरी तेवढीच उंच राहिली.

कबीर खान यांस संघाचा खेळ दाखवितां येत नाहीं असें मुळींच नाहीं. '८३' या त्यांच्या २०२१ च्या बोलपटांत कपिल देव नायक असूनही इतर खेळाडूंस आपापला चेहरा आहे, आणि सामने सामन्यांसारखे आहेत. तीच नजर चाकांच्या खुर्च्यांकडे वळावयास हरकत नव्हती. तसें चरित्र मराठींत कोणी लिहावयास घेतलें तर त्यानें साडेचार अंकांच्या विजेत्यापाशीं न जातां एक अंकाच्या त्या गड्यापाशीं बसावें. त्याच्या नांवें टोपल्या फार नसतील, आणि सत्काराची शालही कदाचित् नसेल; पण कोणत्या क्षणीं खुर्ची किती आडवी घालावयाची, हें तो तासभर सांगूं शकेल.