शिफारशीची संहिता आणि तिची अनेक रूपे

मराठी गद्याचा विचार करताना आपली दृष्टी बहुधा ललित वाङ्मयावर आणि वैचारिक निबंधावर स्थिरावते. ज्या गद्यावर विसंबून माणसे बी पेरतात आणि औषध फवारतात, त्याचीही समीक्षा व्हावी असे आपणांस सहसा वाटत नाही. वस्तुतः वाक्यरचनेतील उणिवेची किंमत तेथेच सर्वांत जबर असते. परभणी हे अशा गद्याचे एक प्रमुख केंद्र होय. १९७२ साली येथे मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली व २०१३ साली त्यास वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. तेथील संशोधनाची फलिते ‘शेतीभाती’ मासिक, कृषी दैनंदिनी, घडीपत्रिका, हवामानाधारित कृषिसल्ला, आकाशवाणीवरील भाषणे आणि भ्रमणध्वनीवरील संदेश अशा नाना वाटांनी शेतकऱ्यापर्यंत जातात. एकच आशय इतक्या रूपांत वावरत असता त्याची मूळ संहिता कशी रचावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाची दोन उत्तरे प्रचारात आहेत. पहिले असे की, प्रत्येक रूपासाठी मजकूर नव्याने लिहावा. वाचकाच्या दृष्टीने हे सोयीचे खरे; परंतु मूळ शिफारस बदलली की सर्व ठिकाणी दुरुस्ती करावी लागते, आणि एखादे ठिकाण विसरले की दोन अधिकृत वचनांत विरोध उभा राहतो. दुसरे उत्तर संगणकयुगाचे आहे. १९६९ साली आयबीएममध्ये गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी यांनी अशी खूणपद्धती सिद्ध केली की, तीत मजकुराचा भाग ‘कसा दिसावा’ हे न सांगता ‘तो काय आहे’ हे सांगितले जाई. तिच्यातूनच १९८६ ची एसजीएमएल, १९९८ ची एक्सएमएल आणि २००५ साली मानक म्हणून स्वीकारलेली डिटा या पद्धती क्रमाने विकसित झाल्या. मजकूर लहान, स्वयंपूर्ण घटकांत एकदाच लिहावा आणि पुस्तक, पत्रक, पडदा यांसाठी त्याची निरनिराळी जुळणी करावी, असे हे तत्त्व आहे.

तत्त्व निःसंशय मोलाचे आहे. तथापि त्याच्या पुरस्कर्त्यांचे लक्ष घटकांच्या जुळणीवर जितके असते, तितके घटकाच्या सीमारेषेवर नसते. घटक कोठे तोडावा, हा खरा प्रश्न आहे. आणि तो यंत्राचा नसून अर्थाचा आहे.

सोयाबीनच्या बियाण्याचे उदाहरण घेऊ. हेक्टरी ६५ किलो बियाणे वापरावे, ही सर्वपरिचित शिफारस आहे. तिच्यामागे दोन अटी उभ्या आहेत : बियाण्याची उगवणक्षमता किमान ७० टक्के असावी, आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरणी करू नये. दैनंदिनीच्या पानावर या तिन्ही गोष्टी शेजारी नांदू शकतात. संदेशाच्या दोन ओळींत जागा अपुरी पडली की आकडा राहतो आणि अटी गळतात. ज्याने घरचेच बियाणे राखले आहे आणि गोणपाटावर शंभर दाणे मोजून उगवण तपासलेली नाही, त्याच्या हाती पडलेला ६५ हा आकडा अचूक असूनही खोटा ठरतो. हेक्टराचा एकर करताना ६५ चे सुमारे २६ होतात. हे गणित यंत्र बिनचूक करील. गळालेली अट मात्र त्यास परत आणता येणार नाही.

मराठीच्या अभ्यासकास ही अडचण सर्वस्वी नवी वाटू नये. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांची वचने प्रसंगांसह येतात. त्यांतून केसोबासांनी ‘सूत्रपाठ’ वेगळा काढला. पाठांतरास तो सोयीचा झाला. पण प्रसंगावाचून सूत्राचा अर्थ निसटू लागला, म्हणून कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले हे सांगणारे ‘प्रकरणवश’ पंथाला पुढे रचावे लागले. याच केसोबासांच्या ‘दृष्टान्तपाठा’ची रचना मात्र निराळी आहे. तेथे सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक हे तीन भाग प्रत्येक घटकात एकत्र बांधलेले आहेत. घटक कोठूनही उचलला तरी त्याचा अर्थ त्याच्यासोबत येतो. संहिता तोडण्याच्या या दोन रीती आहेत, आणि कृषिविषयक गद्याने दुसरीचा आदर्श घ्यावा असे मला वाटते.

फवारणीच्या शिफारशींत हे अधिकच निकडीचे होते. दहा लिटर पाण्यात अमुक मिलिलिटर औषध, असे प्रमाण सामान्यतः साध्या हातपंपासाठी दिलेले असते. यंत्रचलित पंपास पाणी कमी लागते, म्हणून तेथे द्रावण अधिक तीव्र धरतात. ‘पंप कोणता’ ही अट वाक्यातून निसटली की एकीकडे कीड मरत नाही, तर दुसरीकडे फवारणाऱ्याच्या अंगावर तीव्र विष येते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि ती सारी भाषेच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. परंतु विष हाताळणाऱ्या माणसापर्यंत प्रमाण आणि दक्षता ही दोन्ही एकाच वाक्यात पोहोचली पाहिजेत, एवढा बोध तीतून निश्चितच घेता येतो.

महाराष्ट्रातील चारही कृषी विद्यापीठांच्या शिफारशी संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीपुढे मान्यतेसाठी येतात. म्हणजे प्रमाणभूत मूळ वाक्य सिद्ध होण्याचे एक ठिकाण आपल्यापाशी आहे. त्या वाक्याचे घटकच पाच अंगांनी बांधावेत : आकडा, परिमाण, अट, दक्षता आणि मान्यतेचे वर्ष. विवेचन, प्रयोगाचा वृत्तांत व चित्रे ही अंगे रूपानुसार यावीत वा गळावीत; ही पाच मात्र कोणत्याही रूपात एकमेकांपासून विलग करता येऊ नयेत. जेथे पाचांस जागा नाही, तेथे आकडाही देऊ नये. पूर्ण शिफारस कोठे मिळेल एवढेच सांगावे. अर्धवट आकड्यापेक्षा मौन अधिक प्रामाणिक होय.

यावर एक आक्षेप संभवतो. आकाशवाणीची भाषा पुस्तकाची नसते. कानाने ऐकणाऱ्यास पाच अंगांचे वाक्य पेलणार नाही. आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच एका संहितेचे यांत्रिक रूपांतर मला मान्य नाही. वक्त्याने आपले वाक्य खुशाल आपल्या बोलीत बांधावे. ‘सत्तरच्या खाली दाणे उगवले तर बी वाढवा’ असे तो म्हणाला तर शब्द बदलले, पण अट शाबूत राहिली. जपावयाची ती शब्दांची एकरूपता नव्हे, अर्थाची अभंगता होय.

तांत्रिक गद्याच्या संपादकाने म्हणूनच प्रत्येक घटक हातावेगळा करण्यापूर्वी स्वतःस एक प्रश्न विचारावा : हे एवढेच वाक्य एखाद्याच्या हाती पडले, तर तो बांधावर उभा राहून काय करील? या प्रश्नाचे उत्तर ज्या संहितेतून निःशंकपणे देता येते, तीच अनेक रूपे धारण करण्यास पात्र ठरते.