रोबोट म्हणजे यंत्रमानव?
'रोबोट'ला आपण 'यंत्रमानव' म्हणतो. पण या प्रतिशब्दात मूळ अर्थच निसटला, असं आम्हाला वाटतं. कारेल चापेकच्या १९२० च्या 'आर. यू. आर.' नाटकातून हा शब्द जगभर गेला. सुचवला त्याचा भाऊ योसेफ याने. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. नाटकातले रोबोट लोखंडी नाहीतच. ते कारखान्यात घडवलेले जिवंत मजूर आहेत. मुकाट राबणाऱ्याला आपण 'अगदी रोबोट झालाय' म्हणतो, तेव्हा नकळत मूळ अर्थापाशीच येतो. आणि इथं कोल्हारच्या उसाच्या पट्ट्यात? तोडीला आलेलं नवरा-बायकोचं जोडपं मुकादमाच्या हिशेबात 'एक कोयता' असतं, उचलही कोयत्यावरच ठरते. यंत्राला आपण मानव म्हणालो आणि माणसांना हत्यार. प्रतिशब्दांची चर्चा करताना याचाही जाब आपण स्वतःला विचारायला हवा.