बालेकिल्ला की मतदारसंघ? ठाणे-कल्याणच्या राजकीय इतिहासाची एक तपासणी

ठाण्याचा राजकीय इतिहास सांगायला कोणीही उभा राहिला की पाचव्या मिनिटाला 'बालेकिल्ला' हा शब्द येतोच. आधी भाजपचा बालेकिल्ला, मग शिवसेनेचा. माझा आक्षेप या शब्दाला आहे. त्यात दोन गोष्टी न बोलता गृहीत धरलेल्या असतात. एक, तटबंदी जागेवर आहे. दोन, आतली माणसं किल्लेदाराची आहेत. दोन्ही तपासून बघू.

आधी नुसता क्रम घेऊ. आणीबाणीनंतर १९७७ साली रामभाऊ म्हाळगी जनता पक्षातर्फे ठाण्यातून लोकसभेवर गेले, १९८० मध्ये पुन्हा गेले. १९८२ मध्ये त्यांचं निधन झालं. पोटनिवडणूक भाजपच्या जगन्नाथ पाटलांनी जिंकली. दोनच वर्षांनी, इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत, याच मतदारांनी काँग्रेसचे शांताराम घोलप निवडून दिले. १९८९ आणि १९९१ मध्ये प्राध्यापक राम कापसे. १९९६ मध्ये ही जागा युतीत शिवसेनेकडे गेली आणि प्रकाश परांजपे सलग चार वेळा निवडून आले.

आता यात बालेकिल्ला कुठे दिसतो? १९८४ चा निकाल 'अपवाद' म्हणून बाजूला ठेवला, तर दिसतो. आणि १९९६ मध्ये किल्ला हस्तांतरित झाला तो मतपेटीतून नव्हे, जागावाटपातून. त्या वाटपामागे शिवसेनेची जी ताकद होती, ती आनंद दिघ्यांनी उभी केलेली. आणि दिघे स्वतः कधीच निवडणुकीला उभे राहिले नाहीत. म्हणजे मतदारसंघातली सर्वांत मोठी सत्ता मतदानाच्या कक्षेबाहेर होती. 'बालेकिल्ला' म्हटलं की हा अवघड प्रश्न सोयीस्करपणे झाकला जातो.

आता तटबंदीकडे येऊ. फेब्रुवारी २००८ मध्ये प्रकाश परांजपे गेले. पोटनिवडणुकीत त्यांचे चिरंजीव आनंद परांजपे यांनी राष्ट्रवादीच्या संजीव नाईकांचा पराभव केला. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, तेच संजीव नाईक 'ठाण्या'तून खासदार झाले, आणि आनंद परांजपे 'कल्याण'मधून. वर्षभरात ठाणेकरांचं मत फिरलं का? मनसेने त्या वेळी मतं खाल्ली, हे खरं. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मधल्या काळात मतदारसंघांची पुनर्रचना लागू झाली. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ हा भाग ठाण्यातून बाहेर पडला. ऐरोली-बेलापूर म्हणजे नवी मुंबई, आणि मीरा-भाईंदर, हे आता ठाण्याच्या सहा विधानसभा क्षेत्रांपैकी तीन. तत्त्वज्ञानाच्या वर्गात थीसिअसच्या जहाजाचा प्रश्न विचारतात: सगळ्या फळ्या बदलल्या तर जहाज तेच का? इथे तर अर्ध्या फळ्या घेऊन दुसरं जहाज बांधलं, आणि आपण दोन्हींवर जुनाच झेंडा शोधत बसलो.

कल्याणची गंमत तर याहून पुढची. कल्याण लोकसभा मतदारसंघात मुंब्रा-कळवा आहे, जो ठाणे महापालिकेचा भाग आहे. आणि कल्याण पश्चिम, म्हणजे दुर्गाडीचं, जुन्या गावाचं कल्याण? ते भिवंडी लोकसभा मतदारसंघात आहे! पूर्वेचा कल्याणकर एका खासदाराला मत देतो, रूळ ओलांडून पश्चिमेला राहणारा त्याचा भाऊ दुसऱ्याला. महापालिका एक, स्टेशन एक, गर्दी एक.

कोणी म्हणेल, रेषा कुठेतरी काढावीच लागते. मान्य. एडमंड बर्कने तर १७७४ मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांना तोंडावर सांगितलं होतं की, निवडून आल्यावर खासदार ब्रिस्टलचा राहत नाही, संसदेचा होतो. १७८० मध्ये ब्रिस्टलने त्याला दारातूनच परत पाठवलं. बर्कच्या भूमिकेला उत्तर आपल्याकडेच आहे. म्हाळगी आपल्या कामाचा अहवाल मतदारांपुढे ठेवत. हिशेब द्यायचा तर घेणारा कोण, हे ठरलेलं लागतं. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून प्रवासी दगावले. या मार्गावरून रोज लटकत जाणारा माणूस ठाणे, कल्याण, भिवंडी अशा तीन मतदारसंघांत वाटला गेलेला आहे. तो हिशेब एकत्रितपणे मागणार कसा?

२०२४ मध्ये ठाण्यात नरेश म्हस्के विरुद्ध राजन विचारे अशी लढत झाली. दोघेही दिघ्यांचाच वारसा सांगणारे. चर्चा महिनाभर चालली ती खरा वारस कोण याची. वारसाहक्क हा मालमत्तेच्या भाषेतला शब्द आहे, प्रतिनिधित्वाच्या नव्हे. किल्ल्याला वारस असतो. मतदारसंघाला उमेदवार असतात.

हे आता का सांगतो? ८४व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली होती. विभाजनाआधी, २०११ मध्ये, ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाख लोकसंख्येचा, देशात सर्वांत मोठा होता. पुढच्या पुनर्रचनेत इथल्या रेषा पुन्हा हलणार, हे सांगायला ज्योतिषी नको. मागच्या पुनर्रचनेत प्रस्ताव प्रसिद्ध झाले होते, हरकती मागवल्या होत्या, जाहीर सुनावण्या झाल्या होत्या. पक्ष तिथे तयारीने जातात, कारण त्यांना नकाशाची किंमत कळते. डोंबिवलीतल्या, कल्याणमधल्या नागरिक मंडळांनी, प्रवासी संघटनांनीही जायला हवं, आणि एवढंच विचारायला हवं: आमचं पाणी, आमची गाडी, आमची महापालिका एक असेल, तर आमचा खासदार तीन ठिकाणी का वाटलाय?

प्रश्न असतील तर जरूर विचारा.